पंचा टाकून धरलेली जागा

माझे वडील जिवंत आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे काही ठिकाणी तसं वाटणार नाही, आणि वाचणाऱ्याला उगीच हळहळ वाटली तर तेही पाप माझ्याच माथी यायचं. आधीच बरंच आलेलं आहे.

ते पनवेलला आमच्या घरी असतात. सकाळी वडाळे तळ्याला फेरी मारतात आणि संध्याकाळी तिथल्याच कट्ट्यावर आपल्या वयाच्या मंडळींबरोबर बसतात. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. अजूनही घरात जेवायला पाहुणे आले की आधी डोकी मोजतात.

मी मात्र गेली काही वर्षं विषुववृत्ताच्या खाली, नकाशावर मोहरी सांडल्यासारख्या दिसणाऱ्या बेटांपैकी एका बेटावर नोकरी करतो. न्हावा शेव्याला असताना मी गार कंटेनर दुरुस्त करायला शिकलो. त्या बेटावर माशांचं एक शीतगृह आहे आणि ते बंद पडलं तर गावाचा सगळा मासा दोन दिवसांत नासतो. म्हणून त्यांना माझ्यासारखा माणूस लागतो. गाव एवढंसंच. एक धक्का, एक चर्च, एक शाळा, एक दवाखाना, आठवड्याला एक विमान. आणि एक बाक.

हा बाक म्हणजे जुन्या होडीची फळी, दोन दगडांवर ठेवलेली. जंगली बदामाच्या झाडाखाली, माझ्या घरमालकिणीच्या दुकानासमोर. संध्याकाळी आमची गल्ली तिथं जमते. गल्लीतली माणसं बसतात आणि बाहेरून आलेली उभी राहतात. दवाखान्यातला डॉक्टर परदेशी, तो उभा. शाळेतला गणिताचा मास्तर दुसऱ्या बेटावरचा, तोही उभा. मीही उभा. कुणी बसू नका म्हणत नाही. हसतात, मासा देतात, तुमच्या बायकोची चौकशी करतात. फक्त तुम्ही बाकाजवळ गेलात की कुणी सरकत नाही.

पनवेलच्या माणसाला हे फार लागतं. आपण ‘जरा सरकून घ्या’ म्हणणाऱ्यांच्या देशातले. तीन जणांच्या सीटवर चौथा टेकतो, त्याच्या मांडीवर पाचव्याची पिशवी बसते, आणि उतरताना सगळे एकमेकांच्या मुलांची लग्नं जुळवून उतरतात. तिथं मी चार वर्षं उभा होतो. शेवटी घरमालकिणीला विचारलं.

ती वयस्क विधवा. दुकानात पाव, रॉकेल, साबण आणि मोबाइलचं रिचार्ज विकते. मला ती नावानं हाक मारत नाही, बर्फवाला म्हणते.

“बर्फवाल्या, तू चांगला आहेस,” ती म्हणाली. “पण तुम्ही लोक येता, कमावता, जाता. कुणासाठी सरकायचं हे आम्हाला कसं कळणार?”

“मग कुणासाठी सरकता?”

“ज्याचं काहीतरी आमच्या मातीत आहे, त्याच्यासाठी.”

“काहीतरी म्हणजे?”

“बहुतेकांची आई असते. नाहीतर बाप.”

तिकडे माणूस गेला की घरामागच्या परसातच पुरतात. तिचा नवरासुद्धा मागे केळीशेजारी आहे. मी सकाळी तिथंच दात घासतो, आणि रोज मनातल्या मनात त्याची माफी मागतो.

“आणि जेवण चालेल का?” मी विचारलं. “आमच्या गावाकडे मडकं उलटं ठेवून, वर जाळ करून एक पदार्थ करतात. पाण्याचा थेंब नाही. तुमच्या मातीत करतो, सगळ्या गल्लीला घालतो.”

ती जरा विचारात पडली. “हे कुणी करून पाहिलेलं नाही,” ती म्हणाली. “पाहू.”

एवढ्या एका ‘पाहू’वर मी सुट्टीला पनवेलला आलो.

पदार्थ म्हणजे अर्थातच पोपटी. थंडीत आमच्या भागात जो तो शेतात जाऊन करतो ती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, जाड मीठ आणि ओवा. जन्मभर मी पोपटी खाल्ली होती, पण माझं काम ठरलेलं. धुराच्या विरुद्ध बाजूला उभं राहायचं आणि दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारायचं. म्हणून उरणच्या रस्त्यावरच्या गावातल्या माझ्या शाळेतल्या मित्राला गाठलं. त्यांची शेतं कधीच गेली. उरलेल्या एका तुकड्यात, मागे उंच इमारती आणि समोर कंटेनरची रांग, असा बसून तो अजून पोपटी करतो.

“तुला पोपटी कराची हाय?” तो म्हणाला. “तू आजवर शेंग तरी निवडलीस काय?”

“म्हणून तर आलो. शिकव.”

“शिकवाचा काय हाय त्यात. मडका भराचा, उलटा ठेवाचा, जाळ कराचा.”

“आणि झाली हे कसं कळायचं?”

“वरून पानी शिंपराचा. चर्र वाजला का झाली.”

“कसं चर्र?”

“आता चर्र काय लिहून देऊ तुला?”

पहिल्या खेपेला मी कोळसा केला. दुसऱ्या खेपेला शेंगा कच्च्या राहिल्या. वडील सोबत आले होते. त्यांनी एक शेंग सोलली, दाणा चावला, बराच वेळ चावला, आणि म्हणाले, “चालेल. उरलेल्या पोटात शिजतील.” मित्र म्हणाला, “बाबा, तुमचा पोरगा तिकरं उपाशी मारल लोकांना. नाय त जेलात तरी जाल.” तिसऱ्या खेपेला मात्र जमली. निदान त्या दोघांनी तसं मला सांगितलं. खरं काय ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

निघायच्या दिवशी मित्रानं दिलेल्या मडक्यात मी वाळवलेला भांबुर्डा दाबून भरला. पाला सांडू नये म्हणून वडिलांनी मडक्याच्या तोंडावर आपला जुना पंचा बांधला. ड्यूटीवर असताना घाम पुसायला मानेवर असायचा तो, धुऊन धुऊन पांढराफेक झालेला. टपावरचं सामान बांधावं तशी त्यांनी गाठ मारली आणि मडकं माझ्या हातात दिलं.

माझ्या बायकोनं माझ्याकडे, मग मडक्याकडे पाहिलं. “हे बरं दिसत नाही,” ती म्हणाली.

“काय?”

“काही नाही.”

“दिसायचंय काय त्यात,” वडील म्हणाले. “मडकं आहे.”

बायकोच्या बोलण्याचा अर्थ मला मुंबईच्या विमानतळावर कळला. तपासणीच्या यंत्रातून सगळ्यांच्या बॅगा धडाधड बाहेर पडत होत्या. माझं मडकं तिथल्या जवानानं दोन्ही हातांनी उचलून माझ्याकडे दिलं आणि कपाळाला बोटं लावली. मी म्हणणार होतो की अहो, यात पाला आहे. पण मागे रांग होती. विमानात शेजारच्या आजीबाईंनी मांडीवरच्या मडक्याकडे पाहून जपमाळ काढली, आणि आमच्या मधला हातटेका मला सोडून दिला. प्रवास लांबचा होता. मी हात टेकवला. तेवढ्या टेकवण्याबद्दल मला आजही वाईट वाटतं, पण उचलला नाही हेही खरं आहे.

बेटावरच्या विमानतळावर एकच अधिकारी असते. बाहेरून बी, माती, झाडपाला आत येऊ नये हे पाहणं तिचं काम, आणि ते ती मन लावून करते. तिनं माझ्या वालाच्या शेंगा कचऱ्याच्या पेटीत टाकल्या. लोणचं टाकलं. आठळ्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि त्याही टाकल्या. मग तिची नजर मडक्यावर गेली. आमच्याकडे माणसाला जाळतात आणि राख मडक्यात भरून नेतात, हे तिला ठाऊक असावं. ती उठून उभी राहिली. डोक्यावरची टोपी काढून तिनं टेबलावर ठेवली.

“आई की वडील?” तिनं हळू आवाजात विचारलं.

‘पाला’ हे या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर पंच्याची गाठ होती, ती मारणारे हात होते, आणि तोंडातून गेलं, “वडील.”

तिनं मला वाट करून दिली. अशा रीतीनं मी एका वाक्यात माझ्या बापाला मारलं आणि बंदी असलेला पाला देशात आणला. दोन्हींतलं मोठं पाप कोणतं हे मला माहीत आहे, पण शिक्षा फक्त दुसऱ्याला आहे.

जीपमधून गल्लीत पोहोचेपर्यंत बातमी पुढे गेलेली. बाकावरची सगळी माणसं उभी होती. घरमालकीण आली, तिनं माझा हात धरला, मला बाकापाशी नेलं आणि बाकीच्यांना म्हणाली, “सरका.”

त्यांच्या भाषेत हा शब्द आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं.

मी सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण ते सरकले होते. मधोमध बरोबर एका माणसाची जागा झाली होती, फळी तिथं बसून बसून गुळगुळीत आणि किंचित खोलगट झालेली. मी बसलो.

त्याच संध्याकाळी गल्ली चटया घेऊन माझ्या खोलीत आली. मडकं टेबलावर ठेवलं. कुणीतरी त्याला चाफ्याची माळ घातली. मग ते गायले, शब्दांपेक्षा समुद्राचाच आवाज जास्त वाटावा असं गाणं. धक्क्यावर माशांचा लिलाव पुकारणारा एक आडदांड माणूस आहे, एरवी त्याच्या आवाजाला कुत्री पळतात. तो डोळे मिटून गात होता. मला रडू फुटलं. ते खोटं नव्हतं. अशी माणसं माझ्यासाठी गातायत आणि मडक्यात भांबुर्डा आहे, या विचारानं कुणालाही फुटलं असतं. त्यांना मात्र ते पितृशोकाचं वाटलं आणि त्यांनी आणखी एक कडवं वाढवलं.

रविवारी पुरायचं ठरलं. परसात, मालकिणीच्या नवऱ्याशेजारी, मडक्याच्या मापाचा खड्डाही खणून झाला. तोवर रोज संध्याकाळी मी बाकावर. दुःखात माणूस जेवत नाही अशी त्यांची समजूत, म्हणून जो तो मला भरवत होता. माझा पट्टा एका भोकानं पुढे सरकला. आणि ते वडिलांबद्दल विचारत, माझ्या फोनमधला त्यांचा फोटो हातोहात फिरवत. चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आता रोज एक गोष्ट लागे.

मी त्यांना एसटीची गोष्ट सांगितली. पनवेलच्या स्टँडवर गाडी लागली की दाराशी झुंबड होते, म्हणून लोक खिडकीतून आत रुमाल टाकतात. रुमाल पडला ती जागा त्या माणसाची. मग तो माणूस दाराशी लोंबकळत असला तरी चालतं.

“आणि दुसरा कुणी बसला तर?” लिलाववाल्यानं विचारलं.

“तर माझ्या वडिलांना बोलावतात. त्यांचा नियम होता. टाकलेल्या कापडाचा मान पुढच्या थांब्यापर्यंत ठेवायचा. तोवर माणूस आला नाही, तर कापड उचलायचं, घडी घालून जपून ठेवायचं, आणि जागा उभ्या असलेल्याला द्यायची.”

लिलाववाल्यानं खांद्यावरचं फडकं काढून एकदा निरखून पाहिलं. नुसत्या कापडासाठी भरल्या गाडीत जागा रिकामी राहते, ही कल्पना त्यांच्या मनात रुतली असावी.

“चांगला माणूस होता,” घरमालकीण म्हणाली.

मी मान खाली घातली. त्यांनी तीही दुःखातच धरली.

इकडे चांगला माणूस पनवेलहून रोज फोन करत होता. आमचा रोज व्हिडिओवर बोलायचा नियम. मी कापत होतो. काम आहे, नेट नाही, मग करतो, असे निरोप पाठवत होतो. शनिवारी दुपारी मी खोलीत बसून मडक्याकडे पाहत होतो. पंचा उद्या मातीत जाणार, आणि वडिलांनी तो परत आणायला सांगितलेला. एवढ्यात दार ढकलून घरमालकीण आत आली. तिनं आपला फोन हातभर लांब धरला होता, जिवंत खेकडा धरावा तसा.

“तुझे वडील,” ती म्हणाली.

अडीअडचणीला म्हणून मी घरी तिच्या दुकानाचा नंबर देऊन ठेवला होता, हे मी विसरलो होतो.

“काय रे,” फोनमधून वडील म्हणाले, “ही बाई मला बघून खुर्चीवरून पडली. आणि तू फोन का कापतोस?”

मागे तळं दिसत होतं. दोन्ही बाजूंनी कट्ट्यावरचे म्हातारे डोकी खुपसून पाहत होते.

“जरा काम होतं,” मी म्हणालो.

“ते मागे काय आहे? सरक बघू.” मी सरकलो. “हा माझा पंचा. हे मडकं. आणि याला हार कुणी घातला?”

वडिलांनी भरल्या गाडीत विनातिकीट प्रवासी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलेले आहेत. त्यांना फार वेळ लागला नाही.

“बरं,” ते म्हणाले. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन, “किती लोक आले होते?”

“सगळी गल्ली.”

“रडले?”

“गायले.”

त्यांनी कट्ट्याकडे वळून सांगितलं, “गायले म्हणतो.” कट्ट्यावरून कुणीतरी म्हणालं, “इथं आम्ही असताना तिकडे कशाला मेलास? आम्हाला गाता येत नाही काय?” दुसरा म्हणाला, “याचा चहा बंद करा आजपासून.”

“काय म्हणतायत?” घरमालकिणीनं विचारलं. तिनं अजून फोन तसाच धरला होता. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून, हातटेक्यासकट. ती टेबलाशी गेली, पंचा जरा वर करून आत वास घेतला, आणि खुर्चीत बसली.

“हे तू त्यांना सांगायचं,” ती म्हणाली. “आज. आणि उभा राहून.”

संध्याकाळी मी बाकासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. त्यांची भाषा मला मोडकीतोडकीच येते, म्हणून गुन्हाही मोडकातोडकाच सांगावा लागला, आणि तो जास्तच वाईट वाटला. डॉक्टर आणि मास्तर माझ्या दोन्ही बाजूंना उभे होते. ते हळूच एकेक पाऊल बाजूला झाले.

“मी तिसरं कडवं गायलो,” लिलाववाला म्हणाला. “ते आम्ही बाहेरच्यांसाठी गात नाही.”

“मला माफ करा.”

“माफ काय करायचं. ते गाऊन झालं.”

“खड्ड्याचं काय करायचं?” आणखी कुणीतरी विचारलं. हा प्रश्न सगळ्यांना माझ्यापेक्षा गंभीर वाटला. तिकडे खणलेला खड्डा रिकामा बुजवत नाहीत. तो मग स्वतःच कुणाला तरी बोलावतो म्हणतात. सगळ्यांनी घरमालकिणीकडे पाहिलं.

“उद्या सगळ्यांनी यायचंच आहे,” ती म्हणाली. “हा जेवण घालणार होता. घालू दे. मडकं त्याच खड्ड्यात जाईल.”

“तुझ्या नवऱ्याच्या शेजारी?”

“त्याला खायला आवडायचं.”

रविवारी मी पंचा सोडला, हार बाजूला ठेवला आणि मडकं भरलं. वालाच्या शेंगा विमानतळावरच्या पेटीत गेलेल्या, म्हणून निरफणसाचे तुकडे, रताळी, अंडी आणि लिलाववाल्यानं माझ्याकडे न पाहता आणून टाकलेला मासा. वर भांबुर्डा. मडकं खड्ड्यात उलटं ठेवलं, वरून नारळाच्या झावळ्या रचल्या. गल्ली चर्चच्या कपड्यांत गोल उभी होती. घरमालकिणीनं आपला फोन केळीच्या बुंध्याला टेकवला. त्यात पनवेलचा कट्टा होता, आणि त्या दिवशी माझा मित्रही येऊन बसला होता.

“जाळ बारीक हाय,” मित्र म्हणाला. “झावल्या टाक अजून.”

“वाऱ्याकडून पेटव,” वडील म्हणाले.

“बाबा, तुमी गप बसा. तुमी मेलेले हाव.”

झावळ्या भडकल्या, बसल्या, परत टाकल्या. भांबुर्ड्याचा वास सुटला तशी गर्दी एक पाऊल पुढे आली. लहान पोरं डोळे चोळत होती. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि मडक्याच्या बुडावर शिंपडलं.

“फोन जवल धर,” मित्र म्हणाला. मी धरला. चर्र झालं. कट्ट्यावर सगळे म्हातारे कान देऊन होते.

“नाय,” मित्र म्हणाला. “अजून ओला वाजतंय.”

बेटावरच्या कुणाला शब्द कळले नसतील, पण अर्थ कळला. लिलाववाला झावळ्यांचा भारा घेऊन आला आणि त्यानं स्वतः टाकला. परत थांबलो, परत शिंपडलं. या वेळी आवाज झाला तो कोरडा, चटकन तुटणारा. पनवेलला कुणी काही बोलायच्या आत मला तो कळला.

“झाली,” मी म्हणालो.

“झाली,” मित्र म्हणाला. “कारा आता.”

निरफणस जरा करपला होता. मासा मऊ झाला होता आणि त्याला भांबुर्ड्याचा, थोडा औषधासारखा, थोडा ओव्यासारखा वास लागला होता. सगळ्यांनी उभ्यानंच खाल्लं. पहिला घास घरमालकिणीनं नवऱ्यासाठी केळीखाली ठेवला. लिलाववाल्यानं तीनदा घेतलं आणि चांगलं आहे असं एकदाही म्हटलं नाही. मग रिकामं मडकं त्याच खड्ड्यात ठेवून त्यांनी माती लोटली. खड्डा बुजला आणि सगळे बाकाकडे निघाले.

मी मागे होतो. आपण बसायचं की नाही, हे मला कळत नव्हतं. मडकं त्यांच्या मातीत गेलं होतं. पण वडील नव्हते ना गेले.

घरमालकिणीनं पंचा धुऊन वाळत घातला होता. तो घेऊन ती आली. बाकावरच्यांना तिनं हातानंच सरकवलं, मधल्या त्या खोलगट जागेवर पंचा पसरला आणि तळव्यानं साफ केला.

“ज्याच्यासाठी गायलो त्याची ही जागा,” ती म्हणाली. “गाणं परत घेता येत नाही. आणि त्याचाच नियम आहे. कापड टाकलंय, म्हणजे माणूस येतोय.”

“कधीपर्यंत?” मी विचारलं.

“पुढच्या थांब्यापर्यंत. वारा फिरायचे दिवस येतील तोवर. नाही आला, तर घडी घालून तुला देईन आणि जागा दुसऱ्याला.”

“आणि मी?”

“तू उभा राहा.”

म्हणून मी पंच्याशेजारी उभा राहू लागलो. डॉक्टर आणि मास्तर रिकाम्या जागेकडे पाहत, मग माझ्याकडे. रोज संध्याकाळी माणसं दाटीवाटीनं बसतात आणि मधे एक कापड ऐसपैस बसलेलं असतं. पोरं त्याला ओलांडून जात नाहीत. एकदा पंच्याचं टोक वाऱ्यानं उडालं तर लिलाववाल्यानं त्यावर शिंपला ठेवला.

वारा फिरायला आता थोडेच दिवस आहेत. मी वडिलांना न्यायला पनवेलला आलो आहे. या वयात एवढा प्रवास त्यांना झेपेल का, माझ्या एका खोट्यापायी त्यांना कुठे नेतोय, असे विचार माझ्या डोक्यात चालू असतात, आणि ते मात्र कट्ट्यावर सगळ्यांना सांगत सुटले आहेत की समुद्राकाठी आपली जागा झाली.

“मग इथली सोड,” कट्ट्यावरचे एक गृहस्थ म्हणाले. “एका माणसाला दोन सीटा कशा?”

वडिलांनी खिशातून रुमाल काढून कट्ट्यावर आपल्या जागी ठेवला. “परतीचं तिकीट काढलेलं आहे,” ते म्हणाले.

काल त्यांची बॅग भरताना मी त्यांना शेवटचं सांगितलं. विमानतळावर तीच बाई असेल, जिनं टोपी काढली होती. तिला सगळं कळलेलं आहे. तिनं घरमालकिणीकडून निरोप धाडलाय की या खेपेला बर्फवाल्याची बॅग पूर्ण उघडणार, आणि म्हाताऱ्याचे कागद आधी.

“उघडू दे,” वडील म्हणाले. “तिकीट आहे ना आपल्याकडे.”

“बाबा, तुम्ही बसाल तिथं. मी उभाच असेन शेजारी. तेवढं लक्षात ठेवा.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. पनवेलच्या स्टँडवर सुट्टीच्या दिवशी, आता आत मुंगी शिरणार नाही असं सगळे ओरडत असताना, ते अशाच चेहऱ्यानं आत शिरत असत.

“तो बाक केवढा लांब आहे?” त्यांनी विचारलं.

मी दोन्ही हात पसरून दाखवला.

“किती बसतात?”

मी आठवून सांगितलं.

“आणखी तिघं बसतील,” ते म्हणाले. “त्या डॉक्टरला आणि मास्तरलाही सांगून ठेव.”